एका पायावर तयार

शारदीय नवरात्रात देवासच्या टेकडीवर दिवसाही गर्दी लोटते आणि रात्रीही. मोठी माता तुळजाभवानी आणि धाकटी माता चामुंडा अशा दोन बहिणींची ठाणी या टेकडीवर आहेत. चढणाऱ्यांकडे पाहिले तर सारी माणसे थोडीफार सारखीच दिसतात. कोणी लवकर धापा टाकतो, कोणी उशिरा, एवढाच काय तो फरक. उतरणाऱ्यांच्या वाटेवर उभे राहिले म्हणजे मात्र माणसे एकमेकांपासून निराळी होऊ लागतात. एखादा पोरगा खडखड उतरून जातो. त्याच्या मागून येणारे गृहस्थ कठडा घट्ट धरून, अंग आडवे करून, खेकड्याच्या चालीने एकेक पायरी घेतात. त्यांच्या मागच्या बाई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवितात आणि मगच पुढचे पाऊल टाकतात. दम लागलेला माणूस घटकाभर बसला की दम परत येतो. उतरताना गुडघ्याने धरलेली भीती मात्र घटकाभर बसल्याने जात नाही. ती माणसाला पुढच्या वर्षी टेकडीच्या पायथ्यावरूनच हात जोडावयास लावते. आता वर जाण्यास रोपवेची सोय आहे हे खरे. पण घरच्या जिन्याला रोपवे नसतो.

या भीतीवर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे एका पायावरची बैठक. नाव ऐकताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कसरतपटू उभा राहतो: एक पाय पुढे ताठ धरलेला, दुसऱ्या पायावर सारे अंग जमिनीपर्यंत खाली नेलेले आणि त्याच पायावर पुन्हा वर उचललेले. परदेशी व्यायामशाळांत या प्रकाराला पिस्तूल म्हणतात, कारण पुढे ताणलेला पाय नळीसारखा दिसतो. तरुण मुले पैजेवर हे करावयास जातात, पहिल्याच दिवशी तळापर्यंत आदळतात आणि गुडघा धरून बसतात. यास्तव ही बैठक म्हणजे धाडसी लोकांचे काम, असा समज रूढ झाला आहे. परंतु जिना उतरणारा प्रत्येक माणूस पायरीगणिक एका पायाची एक लहानशी बैठकच काढीत असतो. वरच्या पायरीवरचा पाय गुडघ्यात वाकत जातो, सारे वजन तो एकटा तोलून धरतो, आणि तेवढ्या वेळात दुसरा पाय खालची पायरी गाठतो. बैठक नवी नसतेच. ती किती खोल न्यावयाची आणि किती सावकाश, एवढेच शिकावयाचे असते.

उतरणे चढण्याहून अवघड का वाटते, हे समजून घेतल्याखेरीज पुढची वाट नीट दिसणार नाही. विहिरीतून भरलेली घागर वर ओढताना हात दोर जवळ घेत जातो. तीच घागर खाली सोडावयाची असेल तर दोर हातातून सुटत जातो, पण निसटू दिला जात नाही. पकड कायम ठेवून तो लांबवावा लागतो. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू नेमक्या याच दोन रीतींनी काम करतो. चढताना तो आखडत जातो. उतरताना तो ताण धरूनच लांबत जातो, आणि शरीराला ब्रेक लावण्याचे काम करतो. हा ब्रेक दुबळा असेल तर शेवटचे दोन-तीन इंच माणूस उतरत नाही, पडतो. आणि तो लहानसा आघात गुडघा निमूटपणे सोसतो. टेकडी उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या याच कामामुळे. चढण्याचा त्यात वाटा थोडा असतो.

गुडघ्याच्या वाटीवर पडणाऱ्या भाराची मापे 1972 साली प्रसिद्ध झाली आणि ती आजही सांगितली जातात. सपाटीवर चालताना वाटीमागे शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा दाब येतो. जिन्यावर तो सव्वातीनपटींच्या घरात जातो, आणि खोल वाकण्यात सातपटींच्याही वर. साठ किलोच्या माणसाच्या हिशेबाने पाहिले तर तीस किलोंपासून चारशे किलोंच्या पलीकडे. हे आकडे ऐकून कोणी वाकणेच सोडून देईल तर ते उलटे होईल. निरोगी गुडघा हा भार सोसण्यासाठीच घडलेला आहे. मात्र त्याला तो क्रमाने मिळावा लागतो. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. त्याला हाडाशी बांधणारी कंडरा त्याहून पुष्कळ सावकाश बळावते. पैजेने केलेल्या बैठकीत दगा होतो तो बहुधा येथे: मांडी तयार झालेली असते, कंडरा झालेली नसते.

धारच्या माणसाला देवासची टेकडी नाही, पण मांडू आहे. धारपासून पस्तीसेक किलोमीटरांवरच्या त्या गडावर रूपमतीच्या मंडपापासून जामी मशिदीच्या रुंद पायऱ्यांपर्यंत चढ-उतार करून आलेल्या पाहुण्याला संध्याकाळी गुडघ्यांची ओळख नव्याने पटते. पण व्यायामाच्या इतिहासात धारचे नाव निराळ्या कारणाने येते. 1775 च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंच्या पोटी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. राज्यकर्ता म्हणून त्याच्याविषयी मराठी माणसाला फारसे चांगले बोलता येत नाही. तथापि त्याच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते आणि मल्लखांबाचे पुनरुज्जीवन त्यांच्याकडून झाले, एवढी जमेची बाजू त्याच्या खात्यावर मांडावी लागते. पेशव्यांच्या दरबारी आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान बाळंभटदादांनी स्वीकारले, पण कुस्तीस लगेच न उतरता तयारीसाठी मुदत मागून घेतली, असे परंपरा सांगते. ज्याला आपले बळ ठाऊक असते तोच मुदत मागतो. त्या मल्लखांबाच्या उड्यांत अढी, तेढी, बगली, दसरंग यांच्या जोडीला ‘उतरती’ नावाचा एक स्वतंत्र वर्ग आहे. खांबावर चढणे जसे शिकविले जाते, तसे खांबावरून उतरणेही. मध्य प्रदेशाने 2013 साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला, तेव्हा माळव्याच्या मराठी घरांना त्यात परके असे काही वाटले नसावे.

तालमीतल्या बैठकीचे शास्त्रही आपल्याकडे उपेक्षित राहिलेले नाही. बडोद्यास द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादून सिद्ध केले. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती यांची इतकी बारकाईने नोंद इतर भाषांत क्वचितच सापडेल. मात्र तालमीत रूढ असलेली बैठक दोन पायांची, आणि तीही चवड्यांवरची. खाली जाताना टाचा उचलतात, हात झोका घेतात, आणि लय लागली की संख्या वाढत जाते. गामा पहिलवान रोज हजारोंनी बैठका काढी असे सांगितले जाते, आणि त्याचे बळ पाहता ते खोटे म्हणवत नाही. या बैठकीने दम वाढतो, मांडी भरते, पण दोन गोष्टी ती झाकून ठेवते. एक अशी की, टाच उचलल्यामुळे घोटा किती वाकतो याची परीक्षाच होत नाही. दुसरी अशी की, दोन पायांत एक सबळ आणि एक दुर्बळ असेल तर सबळ पाय मुकाट्याने दुर्बळाचा वाटा उचलतो. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये एकाच गावात 1948 पर्यंत शेजारी शेजारी नांदली. कोणत्या पातीची तिजोरी रिकामी आहे हे गावातून नुसते फिरणाऱ्याला कळत नसे. दोन पायांचेही तसेच आहे. हिशेब वेगळा मांडल्यावाचून तूट दिसत नाही. म्हणूनच तालमीत कसलेला गडी शंभर बैठका काढून एका पायावर बसावयास गेला की पहिल्याच फेरीत डुलतो आणि चकित होतो.

ऐकणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने येथे उठून एक साधा प्रयोग करावा. भिंतीजवळ उभे राहून एक पाय उचलावा आणि मनात आकडे मोजावेत. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझिलमधील 51 ते 75 वयाच्या 1702 माणसांना असे दहा सेकंद उभे राहावयास सांगितले होते. सुमारे एक पंचमांश लोकांना ते साधले नाही, आणि पुढील सुमारे सात वर्षांत मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळले. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे; शरीरात आधीच काही बिनसलेले असते तेव्हा तोल लवकर जातो, एवढेच त्यातून निघते. पण तोल ही किती मोलाची वस्तू आहे हे त्यावरून कळते. मराठी मुले ती लंगडीच्या खेळात फुकट मिळवीत असत. आता लंगडी शाळेच्या मैदानापुरती उरली आहे, आणि त्या मैदानावरही मोटारी उभ्या असतात.

एका पायावर तीस सेकंद स्थिर उभे राहता येणे ही पहिली पात्रता. दुसरी घोट्याची. भिंतीसमोर उभे राहून पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटांच्या अंतरावर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकविण्याचा यत्न करावा. गुडघा टेकला तर घोटा कामाचा आहे. नाही टेकला तर रोज काही मिनिटे हेच करीत राहावे, कारण घोटा आखडलेला असताना खोल बसू पाहणारा माणूस एकतर टाच उचलतो किंवा मागे कोसळतो. उकिडवे बसण्याची सवय ज्यांनी सोडलेली नाही त्यांना ही अडचण फारशी येत नाही. खुर्ची आणि कमोड यांच्यावर आयुष्य काढलेल्यांना ती हटकून येते. तिसरी पात्रता म्हणजे दोन पायांच्या, टाचा टेकवून काढलेल्या वीस सावकाश बैठका, कोठेही न दुखता. शाळेत गुरुजी शिक्षा म्हणून ज्या उठाबशा काढावयास लावीत, त्या येथे उपयोगी पडत नाहीत. त्यांत घाई असे आणि मन कान धरण्यात गुंतलेले असे.

पात्रता झाली की साधने जमवावीत. ती सारी घरातच असतात: दोन-चार विटा, एक खुर्ची, एक चौरंग, एक पाट. मराठी माणसाला विटेचे महत्त्व पंढरपूरने आधीच पटवून दिलेले आहे. वीट पसरट ठेवून तिच्यावर एका पायाने उभे राहावे, जवळच खिडकीचा गज किंवा दाराची चौकट असावी. दुसरा पाय विटेच्या बाजूला अधांतरी. आता उभ्या पायाचा गुडघा वाकवीत दुसऱ्या पायाची टाच जमिनीपर्यंत न्यावी, इतकी सावकाश की खाली मुंगी असती तर ती चिरडली जाऊ नये. टाच नुसती स्पर्श करील, तिच्यावर वजन पडणार नाही. मग पुन्हा वर. हीच ती जिन्याची पायरी, फक्त अडीच-तीन इंचांची केलेली. पसरट वीट साधली की तीच वीट कडेवर उभी न करता तिच्यावर दुसरी वीट पसरट रचावी आणि ती हलत नाही याची खात्री करून घ्यावी. ज्यांचे गुडघे उतरताना कुरकुरतात अशा प्रौढांनी आठवडेच्या आठवडे येथेच राहिले तरी बिघडत नाही. सबंध लेखात काम करणारी जागा कोणती असे विचारले तर ती हीच वीट आहे.

यापुढची पायरी बसण्याची. खुर्चीसमोर पाठ करून उभे राहावे, एक पाय किंचित उचलून पुढे धरावा आणि दुसऱ्या पायावर मनात पाच अंक मोजीत खुर्चीवर बसावे. बसल्यावर दोन्ही पाय टेकवून उठावे. उठणे दोन पायांनी, बसणे एका पायाने. हा पक्षपात मुद्दाम केलेला आहे. स्नायू जेवढे वजन उचलू शकतो त्याहून अधिक वजन तो सावकाश खाली सोडू शकतो. म्हणून ज्याला एका पायावर उठता येत नाही त्यालाही एका पायावर बसणे शिकता येते, आणि बसता बसता उठण्याचे बळ मागून येते. दोन आठवड्यांनी खुर्चीवरून एका पायाने उठून पाहावे. मग खुर्चीच्या जागी चौरंग येतो. खुर्ची साधारण दीड फूट उंच, चौरंग फूटभर किंवा त्याहून कमी. हे सहा इंच फार मोठे आहेत. बहुतेक लोक येथे अडतात, आणि अडावे हेच योग्य. खुर्ची आणि चौरंग यांच्यामधले अंतर खुर्चीहून बुटक्या तिपाईने किंवा चौरंगावर घट्ट घड्या घालून ठेवलेल्या सतरंज्यांनी भरून काढता येते. दर आठवड्यास एक घडी काढावी. चौरंगानंतर पाट, आणि पाटानंतर जमीन. पंगतीत पाटावर बसून हात न टेकता उठणारी पिढी ही परीक्षा रोज दोनदा देत असे, अर्थात दोन पायांनी.

पाटाच्या जवळ पोहोचल्यावर मागे पडण्याचे भय वाटू लागते. याला एक गमतीदार उपाय आहे. दोन्ही हातांत किलो-दोन किलोंचे वजन, पाण्याने भरलेला तांब्या म्हटला तरी चालेल, छातीसमोर लांब धरावे. वजन वाढले तर बैठक अवघड व्हावी असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ती सोपी होते, कारण पुढे धरलेले वजन मागे जाणाऱ्या अंगाला तोलून धरते. तांब्यातले पाणी सांडले की घाई झाली हेही तत्काळ कळते. दुसरा उपाय आधाराचा. खांबाला किंवा मजबूत गजाला पंचा गुंडाळून त्याची टोके हातात धरावीत आणि खाली जावे. आधार किती घ्यावयाचा हे हातच ठरवितो: पहिल्या दिवशी मुठीने, नंतर चार बोटांनी, नंतर एका बोटाने. पुढे ताणलेला पाय खाली लोंबू लागतो तो मांडीच्या मागची शीर आखडलेली असल्यामुळे, किंवा पाय वर धरणारे कमरेचे स्नायू दुबळे असल्यामुळे. तो पाय पहिले काही महिने वाकलेला राहिला तर काहीही बिघडत नाही. ताठ पाय हा प्रेक्षकांसाठी असतो.

चुका तीन आहेत आणि त्या आरशात दिसतात. पहिली आणि सर्वांत वाईट चूक म्हणजे गुडघा आतल्या बाजूस कलणे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रोखाने गेला पाहिजे. तो आत वळतो तेव्हा दोष बहुधा गुडघ्याचा नसतो. कमरेच्या बाजूचे स्नायू कंबर सपाट धरू शकत नाहीत, दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते, आणि गुडघा बिचारा तोल सावरण्यासाठी आत धावतो. ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन शल्यविशारदाने 1895 साली हेच झुकणे रोग्यांत पाहून कमरेच्या दुबळेपणाचे लक्षण म्हणून नोंदविले होते. अशा वेळी खाली जाणे थांबवून पुन्हा विटेकडे यावे. दुसरी चूक टाच उचलण्याची; तिचा विचार वर झाला. तिसरी, तळाशी आदळून त्या हिसक्याने वर येण्याची. तळाशी एक अंक थांबता आले नाही तर तेवढी खोली अजून आपली झालेली नाही असे समजावे. आणखी एक समजूत मात्र चूक म्हणून गणू नये. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाता कामा नये, असे पुष्कळ शिक्षक अजूनही सांगतात. निरोगी गुडघा खोल वाकताना पुढे जाणारच. त्याला बळाने मागे रोखले तर सारा ताण पाठीवर जातो. तो पुढे जावा, पण आत जाऊ नये.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा, आणि दर वेळी प्रत्येक पायाच्या पाच-पाच बैठकांच्या तीन फेऱ्या, एवढे पुरे आहे. प्रारंभ नेहमी दुर्बळ पायाने करावा, आणि त्याला जेवढ्या नीट साधल्या तेवढ्याच सबळ पायाने काढाव्यात. सबळ पायाला हा अन्याय वाटेल. पण त्याला मोकळे सोडले तर दोघांतले अंतर वाढतच जाते. आठ-आठच्या तीन फेऱ्या डुलल्यावाचून झाल्या की एक पायरी पुढे. श्वास रोखू नये. खाली जाताना घ्यावा, वर येताना सोडावा. रक्तदाब असणाऱ्यांनी हा नियम मोडू नये.

दुखणे दोन जातींचे असते आणि त्यांतला भेद शिकणे बैठक शिकण्याइतकेच आवश्यक आहे. मांडीत भरलेपण येते, ते दोन्ही बाजूंनी पसरलेले असते, एक-दोन दिवस वाढते आणि मग ओसरते. ते मेहनतीचे दुखणे. सांध्यात बोट ठेवून दाखविता येईल असे टोचणारे दुखणे, दुसऱ्या दिवशी आलेली सूज, गुडघा मध्येच अडकणे किंवा उभ्या उभ्या दगा देणे, ही निराळ्या जातीची लक्षणे आहेत. तेथे बैठक बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा. केवळ कटकट आवाज येतो पण दुखत नाही, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. ज्यांचा गुडघा झिजलेला आहे, ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांनी खुर्चीच्या खाली जाण्याचा हट्ट धरू नये, आणि खुर्चीपर्यंतचा क्रमही भौतिकोपचार करणाऱ्या जाणत्याच्या देखरेखीखाली घ्यावा.

या साऱ्यास वेळ किती लागतो? तरुण आणि सडपातळ माणसास तीन-चार महिने; इतरांस वर्ष, आणि काहींस जमीन कधीच गाठता येत नाही. देवासला मुदतीचे हे गणित अपरिचित नसावे. 1948 साली क्षयाने गाठलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी याच गावात येऊन राहिले. पुढली काही वर्षे गाणे बंद होते. एक फुप्फुस निकामी झाले. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, आणि त्यानंतरची त्यांची कारकीर्द सर्वांना ठाऊक आहे. गाण्याची आणि बैठकीची तुलना करणे औचित्यास सोडून होईल. पण एका बाजूचे बळ गेल्यावर उरलेल्या बाजूवर सारा भार पुन्हा तोलून घेणारा माणूस या टेकडीच्या पायथ्याशी राहत होता, हे आठवल्यावाचून राहत नाही.

‘एका पायावर तयार’ असे मराठीत म्हणतात ते उत्सुक माणसाविषयी. गुडघ्याच्या बाबतीत तयारीचा अर्थ निराळा आहे, आणि तो वयाप्रमाणे बदलतो. पंचविशीच्या मल्लखांबपटूने जमीन गाठावी. त्याला उडीवरून उतरताना त्याचा उपयोग होईल. पन्नाशीच्या कारकुनास चौरंग पुरे. सत्तरीच्या आजींनी गज धरून एका विटेवरून टाच टेकविली आणि ती महिनोन्‌महिने टिकविली, तर घरचा जिना त्यांच्या ताब्यात राहतो. म्हातारपणी जिन्यावरून पडून खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाच्या घरी जे काय घडते ते पाहिलेल्यास या एका विटेची किंमत सांगावी लागणार नाही.

टेकडीवर प्रयोग करावयाचा असेल तर सगळ्या पायऱ्यांवर करू नये. वर जाताना सवयीप्रमाणे जावे, उतरताना कठड्याशेजारून यावे आणि पायथ्याजवळच्या शेवटच्या दहा पायऱ्या तेवढ्या सावकाश, प्रत्येकीला तीन अंक मोजून, उतराव्यात. गर्दीच्या दिवशी तेही करू नये. मागून येणाऱ्याचा धक्का बैठक जाणत नाही. आणि एखादा गुडघा आधीच दुखत असेल तर जुन्या परिचारिका रोग्यांना जे शिकवितात ते ध्यानात ठेवावे: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. दोन्ही वेळा वाकून वजन तोलण्याचे काम चांगल्या पायाकडे राहते. कठडा दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूस मिळाला तर अधिक बरे. न मिळाला तर सोबतच्या माणसाचा खांदा, आणि तो सोबती एक पायरी खाली, तोंड वर करून चालणारा असावा.